चौथ्या फाटकाचा आकडा

मला राग पटकन येतो आणि आला की लपवता येत नाही. त्या मंगळवारी दुपारी कॉलेजच्या जुन्या जिममध्ये पडद्यावर तो तक्ता झळकला, तेव्हा अख्ख्या गावाच्या आधी उभी राहून ओरडले ती मीच. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे नंतर कुणी म्हणायला नको की वर्ना टॉलेफसनने स्वतःचं तेवढं झाकून ठेवलं.

तक्ता साधाच होता. डावीकडे आमचं कॉलेज, व्हिटलो स्टेट. उजवीकडे बेलमोर टेक, सिएटलच्या उपनगरातलं. खाली दोनच ओळी: मार्केट, म्हणजे आसपासची टीव्ही असलेली घरं, किती मोठं, आणि प्रेक्षकांचा पाठिंबा किती.

त्या दोन ओळींवर आमचं नशीब टांगलेलं होतं. आमची जुनी कॉन्फरन्स, म्हणजे आपसात सामने खेळणाऱ्या कॉलेजांचा गट, उन्हाळ्यात फुटली. दहा कॉलेजं नव्वद वर्षं एकमेकांशी फुटबॉल खेळत आली होती. त्यांतली चार मोठी, शहरातली, टीव्हीवाल्यांचा हात धरून निघून गेली. जाताना मागे वळूनही बघितलं नाही. उरलेल्यांची पांगापांग झाली. आता नॉर्थ रेंज नावाची कॉन्फरन्स एक कॉलेज आत घेणार होती, फक्त एक, आणि त्या एका जागेसाठी आम्ही आणि बेलमोर टेक असे दोघंच उरलो होतो. जो बाहेर राहील तो खालच्या वर्गात जाणार. मग टीव्ही येणार नाही, मोठे संघ येणार नाहीत, आणि आमच्या क्रीडा विभागाच्या डायरेक्टरने आधीच सांगून ठेवलं होतं की तसं झालं तर स्टेडियमचा पूर्वेचा स्टँड पाडावा लागेल, एवढ्या खुर्च्या लागणारच नाहीत.

पूर्वेचा स्टँड म्हणजे आमचा स्टँड. विद्यार्थी पश्चिमेला बसतात, गाव पूर्वेला. माझी शेजारीण आयोन स्कार तिथे बाविसाव्या रांगेत बसते. तिचा नवरा डेलमार सव्वीस वर्षं त्या मैदानाचं गवत सांभाळायचा. तो गेल्याला वीस वर्षं झाली. आयोन दफनभूमीत वर्षातून एकदा जाते आणि स्टेडियममध्ये प्रत्येक शनिवारी. ती म्हणते, डेलमार जिथे झोपलाय तिथलं गवत दुसऱ्या कुणीतरी लावलंय.

त्या दिवशी ती माझ्या शेजारीच बसली होती, मांडीवर दालचिनीच्या रोल्सचा डबा घेऊन. सभा कसलीही असो, आयोन रोल्स आणणारच.

मार्केटच्या ओळीत आम्ही मार खाणार हे शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. आमच्या चारी बाजूंना गव्हाच्या टेकड्या. गावात नऊ हजार माणसं, शनिवारी तीस हजार होतात, पण ती शनिवारची. बेलमोर टेकच्या नावावर अख्खं सिएटल मांडलेलं, लाखो घरं. त्या घरांतल्या किती जणांना बेलमोर टेकच्या जर्सीचा रंग सांगता येईल? मी एकदा डोळ्यांच्या डॉक्टरकडे सिएटलला गेले होते, तेव्हा मुद्दाम पाच जणांना विचारलं. दोघांना ती गाड्या दुरुस्त करायची शाळा वाटली. पण तक्त्यात ते दोघंही बेलमोरचेच.

असो. तिथे हरणार होतो, तर हरणार होतो. पण प्रेक्षक? प्रेक्षकांत आम्हाला कोण हात लावणार! बर्फ पडो, वारा सुटो, आमचं स्टेडियम भरतं. आम्हाला टचडाउनचे सहा गुण मिळाले की मैदानाच्या कोपऱ्यात उभ्या केलेल्या जुन्या मळणीयंत्राचा भोंगा वाजतो आणि चाळीस मैलांवरची माणसं म्हणतात की आम्हाला ऐकू आला. खोटंच म्हणतात, पण म्हणतात.

मग दुसरी ओळ पडद्यावर आली. प्रत्येक सामन्याला आत आलेले प्रेक्षक, गेल्या तीन वर्षांची सरासरी. बेलमोर टेक, पंधरा हजार नऊशे. व्हिटलो स्टेट, अकरा हजार दोनशे.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"खोटं आहे हे!" मी उभी राहिले. "साफ खोटं! कुठून आणला हा आकडा? वाटेत सापडला का?"

पडद्याजवळ एक तरुण बाई उभी होती, लिडिया ऑर्डवे. नॉर्थ रेंजने कॉन्फरन्सांची आणि कॉलेजांची तुलना करायला नेमलेल्या कंपनीची. वय तिशीच्या आतबाहेर, पायात शहरी बूट. मी एवढी ओरडले तरी तिचा चेहरा हलला नाही, आणि तेच मला जास्त झोंबलं.

"मॅडम, तुमचं नाव?"

"वर्ना टॉलेफसन. एक्केचाळीस वर्षं चौथ्या फाटकावर तिकिटं घेतेय. तू जन्मली नव्हतीस तेव्हापासून. तिथून किती माणसं आत जातात ते मला विचार, तुझ्या कॉम्प्युटरला नको!"

जिममध्ये टाळ्या पडल्या. मागून कुणीतरी शिट्टी मारली. आयोनने माझा कोट ओढला आणि हळूच म्हणाली, "सोडू नकोस हं तिला." मी कशाला सोडतेय!

"टीव्हीचं पण सांग त्यांना," ऑर्विल ब्रँडव्होल्ड मागून म्हणाला. ऑर्विल तिसऱ्या फाटकाचा. ऐंशीला टेकलाय, पण आवाज अजून गुरं वळवायचा. "आमच्या गावातली फक्त नऊशे घरं टीव्हीवर सामना बघतात, असं लिहिलंय हिने!"

"हो," ऑर्डवे म्हणाली. "बाहेरगावचे सामने. नऊशे दहा घरं."

"अगं बाई," मी म्हटलं, "बाहेरगावचा सामना आम्ही घरी बघतच नाही! लुथरन चर्चच्या तळघरात बघतो. दोनशे चाळीस माणसं आणि एक टीव्ही. शेतकी सभागृहात आणखी तीनशे, तिथेही एकच टीव्ही. धान्याच्या कोठारावर, नर्सिंग होममध्ये, सगळीकडे तसंच. एकट्याने सामना बघायला आम्ही काय आजारी आहोत?"

"मला खरंच माहीत नव्हतं," ती म्हणाली. "पण मोजणी घरांची होते. चर्च हे घर धरत नाहीत."

"मग काय धरतात?"

"काहीच नाही, मॅडम."

लोक हसले, पण चिडून हसले. जिम तापलं होतं. एक जण ओरडला की स्टेडियमचे फोटो बघा. दुसरा म्हणाला, तिकिटं विकली जातात त्यांचा हिशेब बघा की, बावीस हजार खपतात! डायरेक्टर हॉलिस प्रुइट बाजूला खुर्चीत बसला होता. तो मान डोलावून म्हणाला, "बरोबर आहे, दर शनिवारी मी स्वतः माइकवर बावीस हजार जाहीर करतो."

"विकलेली तिकिटं सगळीच कॉलेजं फुगवून सांगतात," ऑर्डवे म्हणाली. "फोटोही सगळे आपल्या सोयीचे देतात. म्हणून आम्ही सर्वांना एकच पट्टी लावली. फाटकावरच्या स्कॅनरने जितकी तिकिटं वाचली, तितकी माणसं आत आली. तुमच्याच कॉलेजने पाठवलेले आकडे आहेत हे. हवं तर फाटकानुसार दाखवते."

"दाखव!" मी म्हटलं. आता विचार केला की वाटतं, त्या वेळी कुणीतरी माझ्या तोंडात आयोनचा रोल कोंबायला हवा होता.

तिने दाखवलं.

पहिलं फाटक, पाच हजार सहाशे. दुसरं फाटक, पाच हजार शंभर. तिसरं फाटक, तीनशे चाळीस. चौथं फाटक, एकशे साठ.

मी उभीच होते. सगळं जिम माझ्याकडे बघत होतं, पुढचा वार कधी करते म्हणून. आणि मला चौथ्या फाटकावरचं कपाट आठवलं.

चार वर्षांपूर्वी कॉलेजने आम्हाला स्कॅनर दिले. चौथ्या फाटकावर सहा जण उभे राहतात आणि त्या सहांची प्रमुख मी. सहा स्कॅनर आले, काळे, बंदुकीसारखा खटका असलेले. पहिल्या शनिवारी मी एक हातात धरून पाहिला. माझ्या समोर उभा होता तो माणूस मला लहानपणापासून माहीत. त्याच्या वडलांची गाय आमच्या कुंपणात अडकली होती ते साल मला आठवतं. त्याच्यावर मी बंदूक रोखू? मी माणसं ओळखते, काळ्या रेघा नाही. आमचा रिवाज वेगळाच आहे. तिकीट घ्यायचं, ख्यालीखुशाली विचारायची, अर्धा तुकडा फाडून परत द्यायचा. तो तुकडा ज्याने त्याने टोपीच्या पट्टीत खोचायचा आणि सामना संपेपर्यंत काढायचा नाही. पश्चिमेकडच्या विद्यार्थ्यांना हे माहीतही नाही, ते फोन पुढे करतात आणि स्कॅनर वाजतो. पूर्वेला टोप्यांतले तुकडे दिसतात.

मी सहाही स्कॅनर कपाटात ठेवले. माझ्या माणसांना सांगितलं, कुणी परकं आलं तर वापरा, नाहीतर राहू द्या. तिसऱ्या फाटकावरून ऑर्विलने डोकावून पाहिलं आणि म्हणाला, "वर्ना वापरत नाही, तर मी कशाला वापरू?" त्याचेही गेले कपाटात. मला काय अभिमान वाटला होता त्या दिवशी! घरी जाऊन आयोनला रंगवून सांगितलं होतं. दोघी पोट धरून हसलो होतो.

गाव ज्या दोन फाटकांतून आत जातं, ती हीच दोन.

"मॅडम?" ऑर्डवे म्हणाली. "तुम्हाला काही विचारायचं होतं का?"

खाली बसता आलं असतं. खरं सांगते, तो विचार मनात आला. बसले असते तर गावाने ऑर्डवेला शिव्या दिल्या असत्या, सिएटलला दिल्या असत्या, आणि मी मरेपर्यंत गावासाठी भांडलेली बाई म्हणून मिरवले असते. पण मागे वळून पाहिलं तर ऑर्विल पांढराफटक पडला होता. त्याला कळलं होतं. तो म्हातारा उठायला लागला, खुर्चीच्या पाठीला धरून, आणि मला त्याचा असा राग आला की विचारू नका. माझं पाप हा का कबूल करणार?

"तू बस, ऑर्विल!" मी खेकसले. मग पडद्याकडे वळले. "स्कॅनर मी वापरले नाहीत. चार वर्षं. चौथ्या फाटकावर नाही, आणि माझं बघून तिसऱ्यावरही नाही. कपाटात पडलेत. ही पोरगी खोटं बोलत नाहीये. तिला मिळाला तो आकडा तिने लिहिला. पूर्वेकडची अकरा हजार माणसं मी दर शनिवारी न मोजता आत सोडली."

हॉलिस प्रुइट उठून उभा राहिला. "वर्ना, तू मला हे सांगितलं का नाहीस?"

"आणि तू बघितलं का नाहीस?" मी त्याच्यावर उसळले. "चार वर्षं हा कागद तुझ्या टेबलावर येत होता. त्यावर सही तुझी. माइकवर बावीस हजार म्हणायचं आणि अकरा हजारांवर सही ठोकायची! वाचता येतं ना तुला?"

तो लाल झाला आणि बसला. पण त्याला गप्प करून मला काही मोठं समाधान मिळालं नाही. त्याने न वाचता सही केली. मी तर जाणूनबुजून केलं होतं.

"आता दुरुस्त कर," मी ऑर्डवेला म्हटलं. "लिही की बावीस हजार."

तिने पडद्यावरचा आकडा पुन्हा वाचला. "आकडा अपुरा आहे, असं मी लिहीन. आजच लिहीन. पण किती अपुरा, हे मला कुणी दाखवू शकत नाही. अंदाज लिहिला तर बेलमोरवालेही त्यांचा अंदाज पाठवतील. गुरुवारी नॉर्थ रेंजचं मतदान आहे." मग थोडं खाली बघून म्हणाली, "मला वाईट वाटतंय, मिसेस टॉलेफसन."

तिच्या वाईट वाटण्याचं मी काय करू? पण ती मनापासून बोलत होती, आणि तिच्यावर ओरडायला माझ्याकडे आता काहीच उरलं नव्हतं.

लोक उठले. आयोनने डब्याचं झाकण लावलं. त्या दिवशी तिने रोल्स वाटलेच नाहीत.

बाहेर गाडीपाशी मी तिला गाठलं. "आयोन, ऐक ना."

"वीस वर्षं," ती म्हणाली. आयोन ओरडत नाही. आवाज खाली जातो आणि मग भीती वाटते. "डेलमार गेला तेव्हा त्याच्या नोकरीचा पास बंद झाला. पुढच्या शनिवारी मी फाटकावर आले, हातात काही नव्हतं. तू म्हणालीस, चल आत, तुला कसलं तिकीट."

"हो मग? तुझ्याकडून तिकीट मागितलं असतं का मी?"

"मला वाटलं होतं, ती मैत्री. तिकीट घ्यायला मला काय झालं होतं, वर्ना? परवडत होतं मला. पण तू माझा हात धरून आत ढकललंस आणि मला भारी वाटलं, की माझी ओळख आहे फाटकावर. वीस वर्षं त्या बाविसाव्या रांगेत बसले, आणि कुठल्याच कागदावर मी नाही. ना विकलेल्या तिकिटांत, ना तुझ्या त्या बंदुकीत. डेलमारचा स्टँड पाडायला निघालेत, आणि मी तिथे होते हे सांगायला माझ्याकडे एक चिठोराही नाही."

"मी तुझ्या भल्यासाठीच..."

"तुझ्या तोऱ्यासाठी!" ती म्हणाली आणि गाडीत बसली. "सगळं गाव तुझ्या ओळखीचं. तुला मोजायची काय गरज!"

मला तिचाही राग आला. आधी हसली होती ना माझ्यासोबत, त्या स्कॅनरांवर? पण घरी पोचेपर्यंत तो राग टिकला नाही. ती म्हणाली ते खरं होतं, आणि खरं असलं की माझा राग मला सोडून जातो, मग फार एकटं वाटतं.

गुरुवारी दुपारी निकाल आला. सहाविरुद्ध तीन. बेलमोर टेक आत, आम्ही बाहेर. ऑर्डवेने खरोखरच एक परिच्छेद लिहून जोडला होता; हॉलिसने मला तो वाचायला पाठवला. 'प्रत्यक्ष उपस्थिती नोंदीपेक्षा लक्षणीय जास्त असण्याची शक्यता.' शक्यता! अकरा हजार जिवंत माणसं, त्यांचे बूट, त्यांच्या राजमा-चिलीच्या वाट्या, त्यांचे गुडघे, आणि कागदावर त्यांची शक्यता झाली. मी तो कागद फाडला. मग तुकडे गोळा करून परत चिकटवले, कारण त्यात दोष ऑर्डवेचा नव्हता.

हॉलिसला फोन करून मी म्हटलं की शनिवारी मी येत नाही, दुसरं कुणी उभं कर.

"शनिवारी शेवटचा घरचा सामना आहे, वर्ना. बेलमोर टेकशीच."

"ठाऊक आहे मला. म्हणूनच नको."

"तुझ्या जागी उभं राहायला कुणी तयार नाही," तो म्हणाला. "सगळ्यांना विचारलं. ऑर्विल म्हणतो, वर्नाने घाण केली, वर्नाच निस्तरेल."

गेले. कपाट उघडून सहाही स्कॅनर काढले, शुक्रवारभर चार्जिंगला लावले. माझ्या पाच जणांना बोलावून एकेकाला शिकवलं. मलाच आधी शिकावं लागलं. एक माणूस, एक तिकीट, एक आवाज. हिरवा दिवा लागला की आत.

शनिवारी बर्फमिश्रित पाऊस होता. सकाळी साडेअकराला फाटक उघडलं, एकला सामना. मला वाटलं होतं की लोक यायचेच नाहीत. कशाला येतील? मतदान झालं, स्टँड गेला, समोर बेलमोर टेक नाचणार. पण जत्रेच्या मैदानातल्या पार्किंगमधून माणसं येत होती, नेहमीसारखीच, टोप्या, ब्लँकेटं, थर्मास. ती रांगेत उभी राहिली आणि कुणीही पुढे घुसलं नाही.

पहिला आला तो त्या अडकलेल्या गाईवाल्याचा मुलगा. त्याने तिकीट पुढे केलं. मी त्याची चौकशी केली नाही, मला धीर झाला नाही. स्कॅनर रोखला. वाजला.

"बरोबर वाजला का?" त्याने विचारलं.

"वाजला."

"मग ठीक," तो म्हणाला, आणि आत गेला. दुसरं काही नाही.

मागून एक बाई आली, तिने माझ्याकडे न बघता तिकीट धरलं. तिच्या मागे एक जण म्हणाला, "आता आली का अक्कल?" मी म्हटलं, "आली. तिकीट सरळ धर, ओलं होतंय." शिव्या खाल्ल्या, मोजत राहिले. माझी बोटं बधिर झाली होती. आम्ही सहाही जण नवशिके. एक तिकीट वाचायला सात-आठ सेकंद लागायचे, ओलं झालं तर तीनदा पुसावं लागायचं. पावणेएक वाजले तेव्हा रांग धान्याच्या कोठारापर्यंत गेली होती.

हॉलिस धावत आला. "वर्ना, सोड सगळ्यांना! सामना सुरू होतोय, टीव्हीवर पूर्वेचा स्टँड अर्धा रिकामा दिसतोय. बेलमोरवाले हसतायत!"

त्याचं म्हणणं चुकीचं नव्हतं. बेलमोरहून दोन बसभर लोक आले होते; त्यांना आमच्या रिकाम्या खुर्च्या दाखवायच्या, हे मला सहन होईना. मी रांगेकडे वळून ओरडले, "सामना सुरू होतोय! स्कॅनर ठेवते बाजूला. जा आत!"

कुणी हललं नाही.

"अहो जा ना! मतदान झालंय. आता मोजून काय मिळणार आहे?"

रांगेतून एक म्हातारा शेतकरी म्हणाला, "वर्ना, तू गप मोज."

मग दुसरे पण म्हणाले. "मोज, मोज." चिडूनच म्हणत होते, प्रेमाने वगैरे नाही. आतून ढोल वाजला, सामना सुरू झाला, आणि दोन हजार माणसं पावसात भिजत माझ्याकडे तिकीट धरून उभी. मी हॉलिसला म्हटलं, "बाजूला हो." आणि मोजायला लागले.

पहिला डाव असाच गेला. आत मळणीयंत्राचा भोंगा वाजला, म्हणजे टचडाउन आमचं. रांगेने न बघता आरोळी ठोकली. मला रडू येत होतं आणि रडू आल्याचा राग येत होता, त्यामुळे मी त्या स्कॅनरवर दात ओठ खात होते.

दुसरा डाव लागला तेव्हा रांग संपली. तिसऱ्या फाटकावरून ऑर्विल ओरडला, "पाच हजार तीनशे बारा! तुझे?"

मी सहाही स्कॅनरांचे आकडे कागदावर मांडले. पाच हजार सहाशे छत्तीस.

कागद घडी करतेय तोच समोर आयोन उभी. डोक्यावर डेलमारची जुनी हिरवी टोपी, मैदानावर काम करताना घालायचा ती. पावसाने पट्टी काळी पडलेली. मंगळवारपासून ती माझ्याशी बोलली नव्हती.

मी सवयीने तिचा हात धरायला पुढे झाले. तिने हात मागे घेतला. दुसऱ्या हातात कागदी तिकीट होतं, प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून कोरडं ठेवलेलं. पूर्व स्टँड, रांग बावीस.

"मोज मला," ती म्हणाली.

मी स्कॅनर धरला. पहिल्यांदा वाचलंच नाही. दुसऱ्यांदा वाजला. हिरवा.

"वाजला?"

"वाजला."

"आता फाड की. काय बघत बसलीस? वीस वर्षं ही टोपी रिकामी आहे."

मी तिकीट मधोमध फाडलं आणि अर्धा तुकडा तिला दिला. तिने तो स्वतःच टोपीच्या पट्टीत खोचला, मला खोचू दिला नाही. मग फाटकातून आत जाता जाता थांबली.

"मी अजून चिडलेलीच आहे, वर्ना."

"ठाऊक आहे."

"उद्या माझ्याकडे येऊ नकोस."

"बरं."

"परवा ये," ती म्हणाली आणि जिना चढून गेली.

मी घडी उघडली. छत्तीस खोडून सदतीस केले. पाच हजार सहाशे सदतीस. तो आकडा आता कुणालाच नको होता. मी तो कागद स्कॅनरांसोबत कपाटात ठेवला नाही, घरी घेऊन आले.